साफ बोलणाऱ्यांची भाषा

देऊळगाव राजाला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र अजून जुनाच होता, आणि तो बदला म्हणून मी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकेशी वाद घातला. मी नांदुऱ्याची. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला एस.टी.च्या भरवशावर चाललेलं गाव लवकर मानवत नाही. त्यात मी पहिल्यापासून तापट. नाकावर माशी बसू देत नाही, असं आई माझ्याबद्दल म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

खोली मुख्याध्यापिकेनेच पाहून दिली. बालाजीच्या देवळामागून जी गल्ली खाली उतरते, तिच्या टोकाला एका निवृत्त मास्तरांचं घर होतं. हायस्कुलात त्यांनी उभा जन्म फारसी आणि अरबी शिकवली. ते निवृत्त झाले आणि विषयही बंद झाला, कारण घेणारं कोणी उरलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मूलबाळ नव्हतं. मुसलमानाच्या घरी एकट्या पोरीने राहायचं म्हणून आईने नांदुऱ्याहून येऊन दोन दिवस मुक्काम ठोकला, चाचीच्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली आणि काही न बोलता परत गेली. तिचं न बोलणं म्हणजे परवानगी.

मी त्यांना चाचा आणि चाची म्हणू लागले. चाची मूळची धामणगाव बढ्याची, तिची वऱ्हाडी माझ्यापेक्षा अस्सल. नवराबायको आपसात उर्दूत बोलायचे आणि माझ्याशी वऱ्हाडीत. बोलायचे म्हणजे मुख्यतः चाचाच बोलायचे. असा बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मी शाळेतून आले की ओसरीवरच्या बाजेवर ते माझी वाट बघत असायचे, आणि मी चपला काढायच्या आत एखादा शब्द माझ्यापुढे टाकायचे.

"बेटी, तुहा बुलढाणा जिल्हा. 'जिल्हा' म्हनजे काय, मालूम हाये?"

"काय?"

"अरबीत त्याचा मूळ अर्थ बरगडी. बरगडी म्हनजे बाजू. अन तालुका म्हनजे संबंध, लागाबांधा."

"मंग तहसील कचेरीत आपल्याले कोनी ओळख काऊन दाखवत नाई?"

यावर ते खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. माझ्या वह्या तपासायच्या राहायच्या. मी चिडायची, आणि चिडूनही बसून राहायची. खरं सांगायचं तर त्या गावात मला बांधून ठेवणारं तेवढंच काय ते होतं.

एका संध्याकाळी मीच विचारलं, "चाचा, या भाषेले अरबी काऊन म्हनतात? अरबस्तानात बोलतात म्हनून?"

"मंग अरबस्तानाले अरबस्तान काऊन म्हनतात?"

ते सावरून बसले. चाची समोर सूप घेऊन तूर निवडत होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता रात्रीचं जेवण उशिरा.

"याच्यात चार मतं हायेत," चाचा म्हणाले, "अन चारही सांगनारे म्हनतात, आमचंच खरं. एक म्हनते, त्या लोकायचा कोनी मूळपुरुष होता, त्याच्या नावावरून. दुसरा म्हनते, त्या शब्दाचा अर्थ उजाड मुलूख, वाळवंट. तिथं राहनारे ते अरब. तिसरा म्हनते, हे नाव त्यायच्या शेजाऱ्यायनं देलं. सूर्य बुडते त्या अंगाचे लोक, म्हनून."

"अन चौथं?"

"चौथं मले आवडते. खरं हाये का नाई, मले मालूम नाई. त्या शब्दाच्या मुळातच साफ बोलनं हाये. मनात जे हाये ते साफ बाहेर काढनं. असं बोलनारे ते अरब, अन त्यायची बोली अरबी."

"अन बाकीची दुनिया?"

"बाकीचे अजम. ज्याचं बोलनं समजत नाई तो अजमी. अर्धा मुकाच समज."

"म्हनजे पुणेकरच निघाले हे," मी म्हणाले.

चाचांना हसताना ठसका लागला, पण मी गमतीत म्हटलं नव्हतं. पुण्याला आत्याकडे राहून मी ट्रेनिंग केलं होतं. तिथे पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून 'मले मालूम नाही' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. त्यानंतर वर्षभर मी तिथे विचारलं तेवढंच बोलले, तेही मनात दोनदा घोकून. घरी एवढी तोंडाळ असलेली मी त्या इमारतीत मुकी म्हणून ओळखली जात होते. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं.

चाचांचं हसू ओसरलं होतं. मग म्हणाले, "सगळीकडं असंच हाये बेटी. आपलं ते बोलनं, दुसऱ्याचं ते पुटपुटनं."

चाचीने सूप खाली ठेवलं. "हे तं लई साफ बोलतात," ती मला म्हणाली. "लगन झालं तवापासून ऐकून राह्यली मी. दुनियेच्या शब्दायची खबर घेतील. पन माह्याकडं पाहून एकदा इचारलं नाई, का तू दमली का, तुहं काही दुखते का."

"इचारायचं काय त्याच्यात?" चाचा म्हणाले. "दिसतेच नं."

आम्ही तिघंही हसलो. चाचीचं ते गाऱ्हाणं जुनं होतं आणि ती ते हसतच सांगायची. मी वह्या उघडल्या.

पुढच्या थंडीत चाचा पडले. पहाटेच्या नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, ते अंगणातल्या हौदाशी बसले होते. तांब्या पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ चाचीची हाक. मी धावले. उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, लकवा म्हणाले, चोळायला तेल दिलं आणि देवावर हवाला ठेवायला सांगितला. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

वाचा गेली. घशातून नुसता एक ओढल्यासारखा आवाज यायचा. तो माणूस बाजेवर पडून आमच्या दोघींकडे बघायचा आणि डाव्या हाताने आपल्या तोंडाकडे खूण करायचा. आधी मला वाटलं, पाणी हवंय. चाचीला बरोबर कळलं होतं.

तिने मला ते समजावून सांगितलं. मरताना माणसाच्या ओठांवर कलमा असावा. अल्लाशिवाय कोणी ईश्वर नाही आणि पैगंबर त्याचा प्रेषित, हे शब्द त्याचे शेवटचे शब्द असावेत. चाचांनी जन्मभर मुलांना ते शब्द नीट कसे उच्चारायचे हे शिकवलं, आणि आता त्यांना स्वतःलाच ते म्हणता येत नव्हते. दुसरी कसलीच भीती त्यांना नव्हती. तेवढी एक होती, आणि तिच्यापायी ते रडायचे. धडधाकट पुरुष रडताना मी पाहिले होते, पण आवाज न निघणारं रडणं तेव्हाच पाहिलं.

मग मी त्यांची मास्तरीण झाले. पहिलीच्या पोरींना शिकवावं तसं रोज शाळेतून आल्यावर समोर बसायची आणि ओठांची अक्षरं घ्यायची. प, ब, म. त्यांना राग यायचा, मलाही यायचा. चाची उशाशी बसून हळू आवाजात कलमा म्हणत राहायची. त्यांच्यात रीत अशी की आजाऱ्याला 'म्हण' असं सांगायचं नाही. आपण त्याच्या कानावर पडेल असं म्हणायचं आणि त्याने ऐकून जमलं तर म्हणावं. संक्रांतीच्या सुमारास चाचा 'बस' म्हणाले. मग 'पानी' आलं. चाचीने गल्लीत गूळ वाटला. कलमा मात्र पहिल्या अक्षरावर अडकायचा, आणि ते हाताने बाजेची काठी बडवायचे.

होळीच्या आसपास त्यांना ताप भरला. छातीत कफ दाटला, श्वास घरघरायला लागला. मशिदीचे पेशइमाम आले. भले, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाज फिरवून चाचांचं तोंड पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला केलं आणि कुराणातला मरणाऱ्यासाठीचा भाग वाचायला घेतला. गल्लीतली माणसं ओसरीवर येऊन उभी राहिली. मी दाराच्या चौकटीला टेकून होते. सूर्य बुडतो ती बाजू, हे मला तिथेही आठवलं, आणि आठवलं म्हणून स्वतःचाच राग आला. चाची उशाशी कलमा म्हणत होती. चाचांचे ओठ हलले. एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा बाहेर आला, तुटक, जड, पण शेवटपर्यंत. पुरा कलमा. मी माझ्या कानांनी ऐकला.

चाची पदरात तोंड घालून रडली. पेशइमामांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना हाताने गप्प राहायची खूण केली. एकदा कलमा म्हणून झाला की मरणाऱ्याशी दुसरं काही बोलायचं नाही, त्याच्याकडून दुसरं काही वदवायचं नाही. तेच शब्द शेवटचे राहू द्यायचे. आम्ही सगळे गप्प बसून वाट बघत राहिलो.

आणि चाचा गेले नाहीत.

सकाळी ताप उतरला. त्यांनी डोळे उघडले, चाचीकडे पाहिलं, काही म्हणायला ओठ उघडले. तिने पटकन आपला तळहात त्यांच्या ओठांवर ठेवला. त्यांना लगेच उमगलं. त्यांनी स्वतःच ओठ मिटून घेतले आणि मान हलवली. त्यांच्या तोंडावर समाधान होतं, हे मी नाकारणार नाही.

त्यानंतर ते घर गप्प झालं. पाणी हवं तर चाचा हात वर करायचे, पुरे झालं तर हात खाली. भेटायला येणाऱ्याला चाची दारातूनच परत पाठवायची, कारण बोलणारा आला की उत्तर द्यावंसं वाटतं. अंगणातल्या शेळीच्या गळ्यातलं घुंगरू तिने काढून ठेवलं. माझ्याकडे शिकवणीला पोरी यायच्या, त्या बंद झाल्या. शेवटी चाची स्वतःही त्यांच्याशी बोलायची थांबली. 'दुखते का' विचारलं तर ते 'हो' म्हणतील, आणि मग तेच शेवटचं झालं तर? ती नुसती पाय चेपायची, तोंडात पेज घालायची, तोंड पुसायची. बोलायचं असलं की माझ्या खोलीत येऊन कुजबुजायची. चाचा दिवसभर आढ्याकडे बघत पडलेले असायचे. मी शाळेतून आले की मान वळवायचे. मी चपला काढीपर्यंत बघत राहायचे. एकदा त्यांचे ओठ हलले, 'बे' असं काहीसं निघालं, आणि चाची कुठूनशी धावत आली आणि तिने हात ठेवला. त्या हाताच्या वरचे त्यांचे डोळे मला अजून दिसतात.

मी भांडले. शेळीच्या गोठ्यात उभी राहून, दबक्या आवाजात, पण कडाडून भांडले.

"चाची, हे काय चालवलं? जितेपनीच मयत करून ठेवली तुमी त्यायची."

"तुले नाई समजनार."

"मले नाई समजनार? वरीसभर तोंड दाबून राह्यली मी पुण्यात. मलेच समजते."

दुसऱ्या दिवशी मी पेशइमामांना गाठलं आणि घरी आणलं. त्यांनी तिला नीट समजावलं. बहीण, रीत अशी नाही. माणूस मधे काही बोलला तर हरकत नाही, पुन्हा त्याच्याजवळ कलमा म्हणायचा, तो पुन्हा म्हणेल. चाची डोकं झाकून खाली बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, "अन दुसऱ्यांदा नाई जमलं तं? एका वेळेले किती जोर लागला त्यायले, तुमी पाह्यलं. पुन्हा नाई जमलं तं तुमी जबाबदारी घ्यान का?"

तिने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, पण आमच्यापैकी कोणी घेतली नाही. घेणार तरी कशी? ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस रडला होता, ती त्याच्या हाती लागली होती, आणि ती पुन्हा हातातून जाऊ नये म्हणून बाई राखण करत होती. मला तिचा संताप यायचा आणि तिची दयाही यायची. दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन मी तो उन्हाळा काढला. शाळेला सुट्टी लागली तरी मी नांदुऱ्याला गेले नाही.

वैशाखातली दुपार होती. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. चाची ओसरीच्या कोपऱ्यातल्या चुलीवर चाचांचं अंग पुसायला पाणी तापवत होती. सांडशी निसटली आणि पातेलंभर उकळतं पाणी तिच्या हातावर आलं. इतके दिवस आवाज न करायची तिची सवय, पण आग ती आग. ती ओरडली.

आणि बाजेवरून आवाज आला.

"क्या हुआ? हाथ जला क्या?"

ना तुटक, ना जड. दुखणं व्हायच्या आधी बोलत तसे ते बोलले. माझ्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं.

चाची तशीच उभी राहिली. हातावरून पाणी ठिबकत होतं. तिने ओठांवर हात ठेवायला धाव घेतली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती आणि थोड्या वेळाने म्हणाली, "थोड़ा जला है." ते काहीतरी पुढे बोलू बघत होते. डावा हात उचलून त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती जाऊन बसली, त्यांनी तिचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला आणि बघत राहिले. मी थंड पाणी आणलं, कोरफड चिरून आणली. ती लावताना चाचीला भान आलं. तिचा चेहरा बघता बघता उतरला. माझ्या हातातून हात सोडवून घेऊन ती उशाशी सरकली आणि कलमा म्हणू लागली.

चाचा ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता. ती पुन्हा म्हणायची, ते पुन्हा ओठ हलवायचे. ऊन ओसरीवरून सरकलं, दिवेलागण झाली, तिचा गळा बसला, तरी चाललं होतं. तिचा हात फोडांनी भरला होता आणि ती मला त्याला हात लावू देत नव्हती. रात्री त्यांना पुन्हा ताप चढला. पहाटेची अजान होत असताना ते गेले.

पेशइमाम आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, शेवटी काय म्हणाले. चाची 'कलमा' म्हणाली असती तर कोणी अडवलं नसतं. आम्ही दोघीच होतो, आणि मी तोंड उघडलं नसतं. चाचीने सांगितलं, "माह्या हाताचं इचारलं." नंतर त्यांचे ओठ हलत होते, हे मी सांगितलं. पेशइमाम म्हणाले, मग झालं बहीण, ऐकणारा ऐकतो. तिने मान हलवली. पण तिला ते पटलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

नवरा गेल्यावर बाईने काही महिने घराबाहेर पडायचं नसतं. ते महिने चाचीने ओसरीवर त्या रिकाम्या बाजेशेजारी बसून काढले. शेळीच्या गळ्यात घुंगरू परत बांधलं होतं. हाताची जखम भरून आली, पण कातडी चुरगळलेलीच राहिली आणि दोन बोटं नीट वळायची नाहीत. संध्याकाळी मी वह्या घेऊन तिच्याजवळ बसायची. ती मूळची बोलणारी नव्हेच. एकदाच म्हणाली, "मीच मुकं करून ठेवलं त्यायले. अन जाता जाता इचारलं त्यायनं माह्या हाताचं." नंतर ते पुन्हा कधी बोलली नाही.

एक गोष्ट मात्र ती वरचेवर विचारायची. त्या गावातून माझी बदली झाली, त्या दिवशी सकाळी मी ट्रंक घेऊन एस.टी.ला निघाले, तेव्हाही तिने दारात थांबवून विचारलं.

"बाई, तू अंगनात होती. तू ऐकलं. साफ बोलले नं ते?"

"हाव चाची," मी म्हणाले. "एकदम साफ."